मोथ्याचं अत्तर

धनश्रीला गुलाबाचा वास चालत नाही. लग्नाच्या मांडवात कुणी गुलाबदाणी घेऊन शिंपडायला आलं की ती हात आडवा धरते आणि स्वच्छ सांगते, "माझ्यावर नको." लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहे. वाटू द्या. दोन वर्षं रोज सकाळी दारात उभं करून तुमच्यावर कुणी गुलाब फवारला असता, म्हणजे बघितलं असतं तुमचं प्रेम किती टिकतं ते.

ही गोष्ट शहाण्णव सालची, सुरतेतली. धनश्री तेव्हा वीस वर्षांची होती आणि रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटात जयसुखशेठच्या साड्यांच्या दुकानात कामाला होती. पुढे पांढऱ्या चादरीची मोठी गादी, तिथे ग्राहकाला साड्या दाखवायच्या. मागे गोडाऊन, तिथे मिलमधून आलेले गठ्ठे फोडायचे, साडी उलगडून डाग-भोक बघायचं आणि पुन्हा घडी पाडायची. धनश्री मागे होती. तिच्यासारखी घडी पाडणारी दुसरी पोरगी त्या मजल्यावर नव्हती, हे शेठसुद्धा कबूल करायचे. पण कबूल करायचे ते मागच्या मागे.

राहायला ती नवागामला, दोन खोल्यांत, आई-बापाजवळ. बाप मगन शिरपूरकडचा. पोरगी चार वर्षांची असताना तो सुरतेला आला आणि उधन्याच्या एका प्रिंट मिलमध्ये लागला. लांबच लांब टेबलावर कापड ताणलेलं असतं आणि दोघं माणसं दोन बाजूंनी रंगाची फ्रेम ओढत पुढे जातात, ते त्याचं काम. त्या रंगात तेव्हा रॉकेल घालत. बारा तास त्या वाफेत काढल्यावर माणसाला जो वास येतो तो साबणानं जात नाही. मगननं सगळं करून पाहिलं होतं. लिंबाची सालं, बेसन, राख, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी त्यानं एक सवय लावून घेतली, लांब राहायची. घरी आला की शर्ट दाराबाहेर खिळ्याला. लग्नात पंगतीच्या अगदी टोकाला. धनश्रीला दहावीत शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि टाळ्या ऐकून परत गेला. पोरीनं विचारलं तर म्हणाला, आत गर्दी होती.

आता त्या बाटलीचं सांगायला हवं. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि अर्धं शहर पळालं. मगनही बायको-पोरीला घेऊन भुसावळच्या गाडीत चेंगरत गावी गेला. तिथे काय ओवाळायला थांबले होते? गावातले लोक चार हात लांबून बोलायचे. सुरतेत हे गावंढळ आणि गावात हे प्लेगवाले! महिन्याभरानं परत आले तर जयसुखशेठनं दुकानाच्या दाराशी एक बाटली ठेवलेली. इस्त्रीवाले कपड्यांवर पाणी मारतात तसली फवाऱ्याची, प्लॅस्टिकची. आधी तिच्यात फिनेल होतं. मग साड्यांना फिनेलचा वास लागतो म्हणून गुलाबाचं स्वस्त सेंट पाण्यात घालून भरायला लागले. नवागाम, डिंडोली, उधना, असल्या मिलमजुरांच्या वस्त्यांतून येणाऱ्या प्रत्येकानं आत पाऊल टाकण्याआधी अंगावर मारून घ्यायचं.

प्लेग गेला, शहर धुऊन झालं, लोक विसरलेसुद्धा. बाटली मात्र तशीच राहिली. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, दुसरं काय! दाराशी स्टुलावर पंडितमामा बसायचा, तो ही बाटली सांभाळायचा. तोही या पोरींसारखाच गावाकडून आलेला, डिंडोलीचा. आधी स्वतःच्या काखेत दोन फवारे मारायचा, मग पोरींना म्हणायचा, "चला गं, न्हाऊन घ्या." पोरी हसायच्या. धनश्रीची मैत्रीण सोनाली तर गोल गिरकी घ्यायची त्या फवाऱ्यात. धनश्रीही हसली दोन वर्षं. खोटं कशाला बोला? रोजच्या अपमानाची माणसाला सवय होते, आणि तीच वाईट.

मग श्रावणात हेतल नावाची एक नवी मुलगी गादीवर आली. चांगली होती बिचारी, तिच्याबद्दल वाकडं बोलायचं कारण नाही. पहिल्या दिवशी ती पंडितमामाच्या समोरून सरळ आत गेली आणि मामानं बाटली उचललीच नाही.

"मामा, तिला नाही मारलं?" धनश्रीनं विचारलं.

"ती अडाजणची आहे," पंडितमामा म्हणाला. सूर असा, की हे काय विचारणं झालं. अडाजण म्हणजे तापीपलीकडची सुखवस्तू वस्ती.

त्याच आठवड्यात शेठनं धनश्रीला बोलावलं. शेठ रागीट नव्हते. सगळ्यांना बेटा-बेटा करायचे. म्हणाले, "बेटा, तुझी बोली चांगली आहे, हात साफ आहे. दसऱ्यापासून तू गादीवर बैस. पगारही वाढवतो." धनश्रीला आभाळ ठेंगणं झालं. दोन वर्षं ती गोडाऊनच्या दारातून त्या गादीकडे बघत होती. मग शेठ पुढे म्हणाले, "फक्त गादीवर बसणार तर बाटली दोनदा. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. काय आहे, ग्राहक जवळ बसतो."

झालं! दुधात मिठाचा खडा. धनश्री "बरं शेठ" म्हणून मागे आली. सोनाली म्हणाली, अगं पेढे दे. तर ती म्हणाली, तोंड बंद ठेव.

घरी आई, पुष्पाबाई, मांडीवर साडी पसरून चमकीच्या टिकल्या चिकटवत बसली होती. त्या गोंदाचा एक वेगळाच उग्र वास. पोरीचा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय व्हयनं व? तोंड कसाले पाडेल शे?"

"माय, आपला वास येस का व?"

"कसाना वास?"

"मिलना."

पुष्पाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. "येस ना. तुन्हा बाप मिलमा काम करस, अत्तरना कारखानामा नही. त्याच वासवर तू वीसनी व्हयनी."

हे बोलणं धनश्रीच्या मनात बसलं. रात्रभर तिनं उलटसुलट विचार केला आणि सकाळी ठरवून टाकलं. बाटली अंगाला लावून घ्यायची नाही. आणि नुसती नाही म्हणायचं नाही. स्वतःचा वास स्वतः निवडायचा, आपल्या पैशांनी घ्यायचा आणि त्यांच्या नाकावर टिच्चून लावून जायचं. आपल्याला कसला वास यावा हे जयसुखशेठ कोण सांगणार? त्यांचा काय संबंध?

रविवारी ती सोनालीला ओढून झांपाबाजारात घेऊन गेली. तिथे ताहेरभाई नावाच्या एका बोहरी चाचांचं अत्तराचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहतील एवढं. चाचा पांढऱ्या दाढीचे, सोनेरी काठाच्या टोपीचे आणि स्वभावानं हट्टी. त्यांचा एक नियम होता. दुकानात उभं राहून अत्तर पसंत करायचं नाही. ते मनगटाच्या मागे एक काडी टेकवायचे आणि गिऱ्हाइकाला घरी हाकलायचे. "जा बेन, घेर जा. काम कर, रसोई कर, घाम येऊ दे. मग पुढच्या रविवारी सांग." अशानं यांचा धंदा कसा चालत होता, देव जाणे.

"गुलाब सोडून काहीही," धनश्रीनं पहिल्यांदाच बजावलं.

पहिल्या रविवारी मोगरा लावला. घरी पुष्पाबाई खूश. "नवरीना मायक वास येस," नवरीसारखा, असं म्हणाली आणि लगेच दोंडाईच्याच्या एका स्थळाचं नाव काढलं. मोगरा तिथल्या तिथे बाद. दुसऱ्या रविवारी केवडा. शेजारच्या वत्सलाबाईनं सांगितलं, केवड्याला साप येतात. नवागामात दुसऱ्या मजल्यावर साप कुठून येणार होता! पण धनश्रीचं डोकं दुखायला लागलं हे खरं. तिसऱ्या रविवारी हिना. तो बरा होता, पण सोनाली म्हणाली, "तू जवळ आलीस की वाटतं, पाया पडावं."

खरी अडचण वेगळीच होती. सकाळी यांतलं प्रत्येक अत्तर छान वाटायचं. संध्याकाळी घरात आलं, दारावर मगनचा शर्ट, आत गोंदाचं भांडं, की सगळी फुलं अशी बसून जायची, की नासल्यागत वास यायचा. फुलं आणि रॉकेल एका घरात नांदेनात. धनश्री चिडली. म्हणजे यांचं म्हणणं खरं की काय? आपल्या घरात चांगला वास टिकतच नाही की काय? डोळ्यांत पाणी आलं तिच्या, रागानं.

चौथ्या रविवारी चाचाच वैतागले. "बेन, तारे जोईए शुं?" तुला हवंय तरी काय?

"चाचा, आमच्या घरात रॉकेलचा वास असतो," ती म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर उच्चारलं, आणि मान वर करून उच्चारलं. "तो झाकायचा नाहीये मला. पण त्याच्यासमोर माझं अत्तर रडलं नाही पाहिजे."

चाचांनी समोरच्या फुलांच्या कुप्या बाजूला सारल्या. मग खाली वाकून सगळ्यात खालच्या फळीवरून त्यांनी एक काळपट बाटली काढली. म्हणाले, हे कुणी एकटं लावत नाही. हे दुसऱ्या अत्तरांच्या पोटात घालायचं असतं, बाकीचे वास धरून ठेवायला. कधीमधी एखादा म्हातारा पुरुष मागतो. काडी टेकवली. धनश्रीनं हुंगलं आणि नाक मुरडलं. माती, मुळं, धूर आणि कुठेतरी खोल, थोडंसं कडू.

"हे बायकांचं नाही वाटत," सोनाली कुजबुजली.

"कुणी ठरवलं?" धनश्री म्हणाली, पण तीही बुचकळ्यातच होती.

संध्याकाळी ती स्वयंपाकाला बसली. गोंद होता, स्टोव्ह होता, दारावर शर्ट होता. आणि तो वास तसाच्या तसा, हातावर ठाण मांडून. रॉकेलाशी भांडला नाही आणि त्याला भ्यालाही नाही. तेवढ्यात मगन जेवायला बसला. पोरीनं ताट पुढे केलं तसा त्याचा हात घासावरच थांबला.

"हाऊ कसाना वास शे?"

"अत्तर आहे, आबा."

मगननं तिचा हात धरून नाकाशी नेला. "कसानं अत्तर व! हाऊ तं मोथा शे! मोथा!" आणि तो असा हसायला लागला की पुष्पाबाई गोंदाचे हात घेऊन धावत आली. मोथा म्हणजे शेतातलं तण. कपाशीत, मिरचीत, जिथे नको तिथे उगवणारं. खाली काळ्या गाठी, त्या उकरल्या की हाच वास. "हाऊ उपटी उपटी मन्ही माय वाकी गयी, मन्ही कंबर मोडनी. एक गाठ ऱ्हायनी तरी आख्खं वावर भरी टाकस. बापनं फुकट उपटं, आंडेर इकत आनस!" बापानं जे फुकट उपटून फेकलं ते पोरगी विकत आणते, याचं त्याला कोण हसू!

पुष्पाबाईला काही हसू आलं नाही. तण लावून गादीवर बसणार का, म्हणून ती तणतणली. पण धनश्रीचं तिथेच पक्कं झालं. लोक नको म्हणून उपटतात, फेकतात आणि जे पुन्हा उगवतं, ते तिला हवं होतं. याहून सरळ कारण काय असतं? पुढच्या रविवारी ती चाचांकडे एकटीच गेली आणि नागरमोथ्याची छोटी कुपी घेऊन आली.

दसऱ्याला सकाळी ती नवी साडी नेसून, कानामागे आणि मनगटावर मोथा लावून दुकानाच्या दारात उभी राहिली. पंडितमामानं बाटली उचलली.

"नको मामा. मी माझं लावून आलेय."

"अगं पोरी, असं काय करतेस? दोन फवाऱ्यांनी तुझं काय झिजतंय?"

"दोन वर्षं झिजलं ते बास झालं."

"माझी नोकरी घालवशील."

"तुमचं नाव येणार नाही. मीच सांगते शेठना." आणि ती तडक गादीकडे गेली. मागोमाग सगळ्या पोरी दारात गोळा झाल्या.

शेठनं ऐकून घेतलं, हसले. "बेटा, तुझं हे अत्तर मातीसारखं आहे. गादीवर फुलाचा वास पाहिजे."

"हेतलनं आज काहीच लावलेलं नाही शेठ. तिला चालतं."

"तिचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? प्लेग जाऊन दोन वर्षं झाली. मग ही फवारणी कशाची?"

"आजाराचं कुठे म्हणतो मी? ग्राहकाला बरं वाटावं म्हणून."

"मग सरळ म्हणा ना, तुम्हाला वास येतो म्हणून."

"मी असं कधी म्हटलं?" शेठ दुखावले.

"तुम्ही नाही म्हणत, बाटली म्हणते. रोज." आता धनश्री थांबणार नव्हती. "शेठ, गठ्ठा फोडला की साड्यांतून जो वास येतो, त्याला तुम्ही 'ताजा माल' म्हणता. नाक लावून हुंगता, खूश होता. तोच वास आहे आमचा. माझ्या आबांच्या शर्टाला येतो तोच. साडीला आला तर ताजा आणि माणसाला आला तर फवारा?"

 शेठनं पुढ्यातली साडी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी व्यापारी डोकं चालवलं आणि एक तोड काढली. "ठीक आहे. तू तुझं लाव. वरून आपला एक फवारा. नियमाला नियम राहील, तुझंही राहील."

सोनाली मागून डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. धनश्रीचंही मन एकदा हललं. गादी समोर होती, हाताच्या अंतरावर. पण तिला कळत होतं, आज हो म्हटलं की ती बाटली जन्मभर तिथेच राहणार.

"नाही शेठ," ती म्हणाली.

"मग गादी नाही," शेठ म्हणाले. या वेळी बेटा म्हणाले नाहीत.

ती मागे गेली, पदर खोचला आणि गठ्ठा फोडायला बसली. दुपारी सोनालीनं तिला धुऊन काढली. "काय मिळवलंस? वेडी आहेस तू! वाढलेला पगार गेला, गादी गेली. मोथा लावून गठ्ठेच फोडायचे होते तर न लावताही फुटत होते की!" धनश्री म्हणाली, "भीड भिकेची बहीण असते." पण त्या दिवशी तिच्या घड्या वाकड्या पडत होत्या. वाईट वाटलं तिला, चांगलंच वाटलं. गादी तिला मनापासून हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून ती बाटलीसमोरून तशीच आत जायला लागली. पंडितमामा नजर चुकवायचा. शेठ काही बोलत नव्हते, कारण लगीनसराई तोंडावर आली होती आणि घड्या पाडायला ती हवी होती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. गादी गेल्याचं घरी तिनं काही सांगितलं नव्हतं. पण सोनालीच्या पोटात काही राहत नाही. एका संध्याकाळी मगननं जेवता जेवता विचारलं, "मन्हामुळे गयी का तुन्ही गादी?"

धनश्रीनं पोळी ताटात टाकली. एवढं सगळं ती करत होती आणि बाप मात्र स्वतःलाच दोष देत बसला होता. "तुमच्यामुळे नाही, आबा. त्या बाटलीमुळे." आणि रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं, "दिवाळीपासून मायसाठी साडी घ्यायची म्हणताय ना? आमच्या दुकानात या. सोमवारी रातपाळी सुटली की सरळ या. दुकान उघडताना. आणि आंघोळ करू नका."

मगननं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं त्याला उघडं यायला सांगितलं. पुष्पाबाई ओरडली, पोरीचं डोकं फिरलं म्हणून. मगन उठला, हात धुतले आणि पाळीवर गेला.

सोमवारी धनश्री मार्केटच्या जिन्याशी उभी होती. येतील असं तिला वाटत नव्हतं. जो माणूस शाळेच्या फाटकातून आत आला नाही, तो रिंगरोडच्या मार्केटात काय येणार? शेठचा दिवा लावून झाला, गादी झटकून झाली. आणि मग रस्ता ओलांडून मगन आला. मिलचाच शर्ट, नखांत निळा रंग, डोळे जागरणानं लाल. तो जवळ आला तसा तो वासही आला. आणि खरं सांगायचं तर ऐनवेळी धनश्रीचा धीर सुटला. तिनं पिशवीतून कुपी काढली.

"आबा, थोडं लावू का?"

मगननं तिचा हात बाजूला केला. "नको. तुन्हा वास तुले, मन्हा वास माले." आणि जिना चढायला लागला.

पंडितमामानं सवयीनं बाटली उचलली. "ग्राहक आहेत, मामा," धनश्री म्हणाली. "बोहनीचे." मामाचा हात तसाच हवेत राहिला.

सुरतेच्या बाजारात बोहनीला काय मान असतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी. त्याला परत पाठवायचं नाही, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, नाहीतर दिवसभराचा धंदा बसला म्हणून समजा. जयसुखशेठ या बाबतीत भलतेच कडक. एकदा बोहनी जाऊ नये म्हणून त्यांनी तोट्यात साडी दिली होती. ते उदबत्ती ओवाळत पाठमोरे उभे होते. पावलं ऐकून तसेच म्हणाले, "पधारो, पधारो."

मग वळले. आणि मग वास त्यांच्यापर्यंत पोचला.

हेतलनं ओढणी नाकाशी नेली. शेठ तिला म्हणाले, "हेतल, दाखव भाईंना." ती जागची हलेना. तोवर धनश्री गादीवर जाऊन बसलीही होती, मांडी घालून, समोर साड्यांची थप्पी घेऊन. शेठनं तिला उठवायला हात केला आणि मागे घेतला. बोहनीच्या गिऱ्हाइकासमोर भांडण करायचं कसं?

मगन चादरीच्या कडेला, अंग चोरून टेकला होता.

"आबा, नीट बसा," धनश्री खणखणीत आवाजात म्हणाली. "मध्ये या. इथे."

आबा म्हटल्याबरोबर शेठना सगळं समजलं. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. मगन सरकून मध्ये आला. पाणी आलं, ते तो प्यायला. धनश्रीनं साड्या उलगडायला सुरुवात केली. एक, दुसरी, तिसरी, हाताच्या एका झटक्यासरशी पदर पसरत. हा रंग बघा, हा काठ बघा, हिचा रंग पाण्यात जात नाही. दोन महिने गोडाऊनमध्ये मुकाट बसलेली पोरगी अशी बोलत होती की मागून सोनाली आणि बाकीच्या येऊन दारात उभ्या राहिल्या. मगननं हिरव्या साडीवर बोट ठेवलं. पुष्पाबाईचा रंग तो. भाव विचारला, घासाघीस केली नाही. शर्टाच्या खिशातून घामानं ओलसर झालेली नोट काढून त्यानं शेठपुढे धरली.

शेठना ती घ्यावीच लागली. आणि बोहनीची नोट म्हणजे रीत आलीच. ती त्यांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावली, डोळ्यांना लावली, मग पुन्हा कपाळाला. रॉकेलचा वास मारणारी ती नोट त्यांच्या नाकासमोरून खाली-वर गेली. धनश्री बघत होती. तिनं नजर खाली केली नाही.

मगन साडीची पिशवी घेऊन उठला, शेठना रामराम केला आणि सरळ चालत बाहेर गेला. पंडितमामा त्याच्यासाठी स्टुलावरून उठून उभा राहिला.

"तुझे वडील?" शेठनं विचारलं.

"हो."

"मग आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्यावर फवारलं असतं."

 जिन्यावर पुढच्या गिऱ्हाइकांचे आवाज यायला लागले, दोन बायका, लग्नाच्या खरेदीच्या गडबडीत. धनश्री अजून गादीवरच होती, उलगडलेल्या साड्यांच्या मध्ये. शेठनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"उठू नकोस," ते हळूच म्हणाले.

"उठणार नव्हतेच," धनश्री म्हणाली.